शेवटचा भाव बोला

ऑक्टोबर २०२२. इस्तंबूलच्या ग्रँड बझारमध्ये मी पाऊण तासात पाच दुकानं फिरले आणि पाचही ठिकाणी एकाच वस्तूचा भाव विचारला. वस्तू होती जेझवे, म्हणजे तुर्की कॉफी करायचं लांब दांड्याचं तांब्याचं छोटंसं भांडं. पहिल्या दुकानात ४५० लिरा, दुसऱ्यात ४००, तिसऱ्यात परत ४५०, चौथ्यात ५००. पाचव्या दुकानातला माणूस हसून म्हणाला, 'तुम्हीच सांगा.' मी प्रत्येक आकडा फोनमध्ये टिपला, भांड्याचा फोटो काढला, रुपयांत हिशेब केला. तेव्हा एक लिरा साडेचार रुपयांच्या जरा खाली होता. मग पहिल्या दुकानात परत जाऊन मी फोन पुढे केला आणि ४५०ची जेझवे ३०० लिरांना घेतली. दीडशे लिरा वाचवले म्हणून मी अगदी खूश होते.

आई या सगळ्या वेळात पहिल्याच दुकानात स्टुलावर बसून चहा पीत होती. कोल्हापुरात महाद्वार रोडला जिची घासाघीस बघून मी लहानपणी लाजेनं चार पावलं लांब उभी राहायचे, ती बाई इथं गप्प. दुकानदार तिला 'तेयझे' म्हणत होता. मी अर्थ शोधला. तेयझे म्हणजे मावशी. म्हणजे 'मावशी, बसा की, बघायला पैसे पडत नाहीत' हे वाक्य जसंच्या तसं तिच्या कानावर पडलं असणार. बाहेर पडल्यावर मी तिला म्हटलं, 'बघितलंस, कितीला दिली?' ती म्हणाली, 'अगं, पत्रा केवढा पातळ आहे त्याचा. तू भांडं हातात तरी घेतलंस का?'

नव्हतं घेतलं. फोटो काढले होते.

दोन तासांनी एमिनोन्यूकडे उतरताना एका गल्लीत तशीच जेझवे २२० लिरांना टांगलेली दिसली, आणि उरलेली दुपार माझी गेली ती गेलीच. ऐंशी लिरा म्हणजे साडेतीनशे रुपये. विमानाच्या तिकिटाला किती घातले ते आठवलं तर हा आकडा हसण्यावारी न्यावा असा. तरी 'आपल्याला फसवलं' हे काही केल्या जाईना. हा सल कुठून येतो, हे मी परत आल्यावर वाचायला लागले, आणि वाचता वाचता माझी बाजाराबद्दलची बरीच समजूत उलटी झाली.

पहिली गोष्ट आपल्याच घरातली आहे. आपण एमआरपीची मुलं आहोत. बिस्किटाचा पुडा असो की पाण्याची बाटली, वेष्टनावर छापलेली कमाल किंमत, तीही सगळे कर धरून, हे आपल्याला गुरुत्वाकर्षणासारखं वाटतं. प्रत्यक्षात 'सर्व करांसह' अशी किंमत छापणं भारतात १९९० मध्ये सक्तीचं झालं. जगातल्या बहुतेक देशांत असा कायदा नाही. दुकानदारानं किंमत लावावी, लोकांना दिसेल अशी लावावी, एवढीच अपेक्षा असते. तुर्कस्तानातही मालावर किमतीची चिठ्ठी लावणं कायद्यानं बंधनकारक आहे, पण चिठ्ठीवर काय लिहायचं ते दुकानदाराचं. त्यामुळे आया सोफियासमोरच्या टपरीवर पाण्याची बाटली एका भावाला आणि दोन गल्ल्या मागं साखळी दुकानात तीच बाटली त्याच्या निम्म्याहून कमी भावाला मिळाली, तेव्हा मला टपरीवाला लबाड वाटला. तिथल्या कुणाला तो तसा वाटला नसता. जागेचा भाव आहे, एवढंच.

दुसरी समजूत जास्त खोल होती. घासाघीस म्हणजे पूर्वेकडची, जुनी, बाजाराच्या रक्तातली गोष्ट, आणि ठरलेली किंमत म्हणजे पश्चिमेची, आधुनिक, असं मी धरून चालले होते. ग्रँड बझारमध्ये शिरताना तर हमखास. मेहमेद दुसरा यानं १४५३ मध्ये शहर जिंकलं आणि दोन-तीन वर्षांत या बाजाराच्या मध्यभागच्या दगडी इमारतीचं काम सुरू केलं. तिला बेदेस्तेन म्हणतात. तिचं उत्पन्न आया सोफिया मशिदीच्या खर्चाला लावून दिलं होतं. आज छताखाली साठेक गल्ल्या आणि चारेक हजार दुकानं आहेत. साडेपाचशे वर्षं इथं हेच चाललं असणार, असं वाटतं. चहा, स्टूल, कॅल्क्युलेटरवर दाबलेला आकडा, आपण तोंड वाकडं करायचं, त्यानं छातीवर हात ठेवायचा.

पण उस्मानी काळात या शहरात सरकारी भाव होते. त्याला शब्द होता 'नर्ह'. मूळ फारसी 'निर्ख'. तोच शब्द आपल्याकडे 'निरख' होऊन आला आणि जुन्या मराठी कागदपत्रांत बाजारभाव या अर्थानं जागोजागी भेटतो. काझी, बाजारावर देखरेख करणारा मुहतसिब आणि त्या त्या धंद्याच्या पंचायतीचे म्होरके एकत्र बसून भाव ठरवत. कच्च्या मालाची किंमत, मजुरी आणि वर नफा. साधारण नफा शेकडा दहा, कसबाचं किंवा कष्टाचं काम असेल तर वीसपर्यंत. बायझीद दुसरा याच्या कारकिर्दीत १५०२ मध्ये बुर्सा शहरासाठी निघालेल्या बाजार-कायद्यात कुठल्या मालाचा दर्जा काय असावा आणि तो काय भावानं विकावा हे बारीकसारीक लिहिलेलं आहे. वजीर स्वतः बाजारातून फेरी मारून मापं तपासत. पावाची तर वेगळीच तऱ्हा. पावाची किंमत तीच ठेवायची आणि गव्हाच्या भावाप्रमाणे पावाचं वजन कमीजास्त करायचं. (आपल्याकडे पाच रुपयांचा बिस्किटपुडा कसा हलका होत गेला ते आठवा. फरक इतकाच की तिथं वजन काझी ठरवायचा.) वजनात मारणाऱ्या भटारखानेवाल्याचा कान दुकानाच्या दाराला खिळ्यानं ठोकल्याची वर्णनं युरोपी प्रवाशांनी लिहून ठेवली आहेत.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. अल्लाउद्दीन खिलजीनं दिल्लीत धान्यापासून घोड्यांपर्यंत सगळ्याचे भाव बांधले होते. बरनी लिहितो की सुलतान लहान पोरांना पैसे देऊन बाजारात पाव नि मिठाई आणायला पाठवायचा, आणला माल तोलायचा, आणि वजन कमी भरलं तर तेवढं मांस दुकानदाराच्या अंगाचं कापलं जायचं. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाच्या कामांतही बाजारभावावर नियंत्रण ठेवणं होतंच.

नर्ह म्हणजे घासाघीस बंद, असं मात्र नाही. नर्ह ही वरची हद्द. खाली कितीही या. शिवाय जडजवाहीर, जुन्या वस्तू, घोडे, परदेशी उंची कापड यांचा भाव कोण बांधणार? बेदेस्तेनमध्ये लिलाव चालत आणि ते पुकारणाऱ्याला 'देल्लाल' म्हणत. आपला दलालच तो. पण रोजच्या वस्तूंच्या बाबतीत एकाच धंद्याची सगळी दुकानं एकाच गल्लीत, सगळ्यांचा माल जवळपास सारखा, भाव बांधलेला, आणि शेजाऱ्याचं गिऱ्हाईक ओढणं हे पंचायतीच्या नजरेत वाईट. दिवसाच्या पहिल्या विक्रीला तुर्कीत 'सिफ्ताह' म्हणतात, आपली भवानी. ज्याची भवानी झाली आहे त्यानं पुढचं गिऱ्हाईक न झालेल्या शेजाऱ्याकडे पाठवायचं, अशी रीत होती असं तिथले म्हातारे दुकानदार आजही अभिमानानं सांगतात. खरी किती नि आठवणीतली किती, देव जाणे. पण ज्या बाजाराला स्वतःबद्दल असं सांगावंसं वाटतं, तो माझ्या डोक्यातला बाजार नव्हता.

मग हे मोडलं कधी? १८३८ मध्ये इंग्लंडशी बाल्टा लिमानीचा व्यापारी करार झाला. मक्तेदाऱ्या उठल्या, इंग्रजी गिरण्यांचं कापड कमी जकातीवर आत आलं आणि स्थानिक कारागिरांच्या पंचायतींचं बळ हळूहळू ओसरलं. श्रीमंत गिऱ्हाईक खाडीपलीकडे पेरा भागातल्या काचेच्या तावदानांच्या युरोपी धर्तीच्या दुकानांत जायला लागलं. शतकाच्या उत्तरार्धात नर्ह मागं पडला, पावाचा तेवढा टिकला. त्याच सुमाराला आगबोटींतून आणि मग रेल्वेनं युरोपी प्रवासी येऊ लागले. त्यांच्या हातात मरे आणि बेडेकर यांची गाईडबुकं होती. हे बेडेकर लोणच्याचे नव्हेत, जर्मन प्रकाशक. पूर्वेकडच्या बाजारात पहिला भाव कधी देऊ नये, घाई दाखवू नये, धीर धरावा, असे सल्ले या पुस्तकांतून दिले जात. गिऱ्हाईक एकदाच येणार, परत तोंड दाखवणार नाही, आणि घासाघीस करायचीच असं ठरवून येणार. अशा गिऱ्हाइकाला दुकानदार दुसरं काय देणार? १८९४च्या भूकंपात बाजार खचला, पुन्हा बांधला गेला, १९५४ मध्ये मोठी आग लागली, पुन्हा उभा राहिला. आज आपण ज्याला त्या बाजाराचा प्राचीन स्वभाव समजतो, त्यातला बराच भाग पाहुण्यांच्या अपेक्षेनं घडला आहे, असं माझं मत झालंय.

उलट बाजूनं बघितलं तर पश्चिमेत ठरलेली किंमत फार जुनी नाही. लंडन, पॅरिसमध्ये शतकानुशतकं घासाघीसच होती. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी एकच भाव सांगायला सुरुवात केली, ती धंद्याची युक्ती म्हणून नाही. जेवढे घ्यायचे त्याहून जास्त मागणं म्हणजे खोटं बोलणं, आणि खोटं बोलणं पाप, इतका सरळ हिशेब होता. पॅरिसमध्ये 'बॉन मार्शे' या दुकानात आरिस्तिद बुसिको १८५२ मध्ये भागीदार झाला आणि मालावर लिहिलेली किंमत, कुणीही आत येऊन नुसतं बघून जावं, नको असल्यास परत करावं, या गोष्टी त्यानं मोठ्या प्रमाणावर रूढ केल्या. न्यूयॉर्क, फिलाडेल्फियातही तेच. यामागं गिऱ्हाइकावरच्या प्रेमापेक्षा व्यवहार जास्त होता. दुकानात मालक आणि दोन गुमास्ते असतात तोवर घासाघीस परवडते. शेकडो विक्रेते ठेवले तर प्रत्येकाच्या हातात भाव कसा सोपवणार? किंमत चिठ्ठीवर गेली आणि विक्रेत्याच्या जिभेवरून उतरली. पंचवीस वर्षांच्या उमेदवारीनं येणारं कसब लागेनासं झालं.

आणि यात सगळ्यात आधीचं, सगळ्यात ठळक दुकान पॅरिसचं नव्हेच. १६७३ मध्ये मित्सुई ताकातोशी यानं एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, एचिगोया नावाचं कापडदुकान काढलं. तेव्हाचे मोठे कापडवाले सरदारांच्या घरी माल पाठवत, उधारीवर देत, वर्षातून दोनदा वसुली करत, आणि बुडीत धरून भाव फुगवून सांगत. मित्सुईनं पाटी लावली की रोख पैसे, फुगवलेला भाव नाही. शिवाय लागेल तेवढंच कापड फाडून देणार, अख्खं ठाण घ्यायची गरज नाही. शेजारच्या कापडवाल्यांनी इतका त्रास दिला की १६८३ मध्ये त्याला दुकान दुसऱ्या भागात हलवावं लागलं. आजचं मित्सुकोशी हे त्याचंच वंशज. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक व्हायचा होता.

त्याच शतकात एक परदेशी गिऱ्हाईक आपल्याकडे घासाघीस करत हिंडत होतं. झाँ-बाप्तिस्त ताव्हर्निये, फ्रेंच जवाहिऱ्या. गोवळकोंड्याच्या बाजूच्या हिऱ्यांच्या खाणींवर सौदे कसे होतात ते त्यानं लिहून ठेवलंय. विकणारा आणि घेणारा समोरासमोर मांडी घालून बसतात. एक जण कंबरेचा शेला सोडतो, दोघांचे उजवे हात त्याखाली जातात. अख्खा हात धरला तर हजार, पाच बोटं म्हणजे पाचशे, एक बोट शंभर, अर्धं बोट पन्नास, टोकाचं पेर दहा. आजूबाजूला दहा व्यापारी बसलेले असतात, पण एक अक्षर कुणी बोलत नाही, आणि भाव काय झाला हे कुणाला कळत नाही. जनावरांच्या बाजारात कुणी गेलं असेल तर हे ओळखीचं वाटेल. ही आपली हत्ता पद्धत. उपरण्याखाली बोटं दाबून बैलाचा सौदा. बाजार समित्यांत तिच्यावर बंदी घालून उघड लिलाव आणले, कारण उपरण्याखाली शेतकऱ्याला काय मिळालं आणि दलालानं काय ठेवलं, हे शेतकऱ्यालाही कळत नसे. ग्रँड बझारमधला दुकानदार कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून पडदा फक्त माझ्याकडे वळवत होता. शेजारच्या जर्मन जोडप्याला तो दिसू नये इतपत बेतानं. शेला तेवढा बदललाय.

या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी पडला तो क्लिफर्ड गीर्ट्झ. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ, मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजारात त्यानं बराच काळ घालवला आणि १९७८ मध्ये एक छोटा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की बाजारात सगळ्यात दुर्मीळ वस्तू म्हणजे माहिती. माल कसा आहे, खरा भाव काय, उद्या काय होणार, हे कुणालाच नीट माहीत नसतं, आणि ज्याला माहीत आहे तो ते झाकतो. म्हणून गिऱ्हाईक शोध घेतं. शोधाच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे पसरट, दहा जणांना तोच प्रश्न विचारायचा. दुसरी खोल, एकाच माणसाला दहा प्रश्न विचारायचे. जिथं प्रत्येक नग सारखा आहे तिथं पहिली तऱ्हा चालते. जिथं प्रत्येक नग वेगळा आहे तिथं दुसरीच कामाची. म्हणून सेफ्रूचे लोक दुकानं फिरत बसत नाहीत. ठरलेल्या दुकानदाराकडे परत परत जातात आणि त्याच्याशी चिवटपणे भांडतात.

हे वाचलं तेव्हा मला स्टुलावर बसलेली आई दिसली. मी पाच दुकानांत एकच प्रश्न विचारत होते, जणू जेझवेवर बारकोड होता. ती एका दुकानात बसून प्रत्येक भांडं उलटं करून बघत होती. तिला एक शब्द तुर्की येत नव्हता, पण तांबं येत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला फरफटत बायाझितच्या बाकिर्जिलार रस्त्यावर नेलं. बाकिर्जिलार म्हणजे तांबट. पुण्याच्या तांबट आळीसारखंच, नावाला शोभतील इतकी तांब्याची दुकानं आता तिथं नाहीत. एका अरुंद दुकानात साठी उलटलेला एक माणूस बसला होता. आईनं एक जेझवे उचलली, हातात तोलली, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला, आत बोट फिरवलं आणि म्हणाली, 'कल्हई?' तो चमकला. तुर्कीत कथलाला 'कालाय' म्हणतात, मूळ अरबी शब्द एकच. तो म्हणाला, 'कालाय, कालाय!' मग पुढची वीस मिनिटं ते दोघं एकाच शब्दावर बोलत होते. तिनं कानाजवळ कल्हई उडालेला ठिपका दाखवला. त्यानं दुसरी काढून दिली. तिनं दांड्याचे रिव्हेट हलवून बघितले. त्यानं वजनकाटा आणून पहिली नि ही शेजारी ठेवली. भाव ३५० लिरा. आईनं एक लिरा कमी केला नाही. मी फोन काढायला लागले तर तिनं माझा हात खाली दाबला.

निघताना तिनं माझ्या पिशवीतली कालची जेझवे काढून त्याला दाखवली. त्यानं ती बोटांनी दाबली, पत्रा जरासा आत गेला. किती दिले, त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो हसला नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला की त्या दुकानदारालाही आता तीनशेत दुसरी येत नसेल.

हे मला तेव्हा कळलं नाही. त्या महिन्यात तुर्कस्तानात अधिकृत आकड्यांप्रमाणेच वर्षाची महागाई पंचाऐंशी टक्क्यांवर होती. आज विकलेल्या मालाच्या पैशात उद्या तेवढाच माल भरता येईल याची खात्री नाही, अशा दुकानदाराला 'खरा भाव' विचारणं म्हणजे काय विचारणं? एकाच गल्लीत ४००, ४५०, ५०० असे भाव दिसले त्यातली लबाडी किती, आणि कुणी माल जानेवारीत भरला होता नि कुणी सप्टेंबरात, यातला फरक किती? माझ्या फोनमधल्या यादीत याला रकाना नव्हता. मी तीनशेवर आणून ठेवलं तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवला होता, आणि मी ते नाटक समजले होते. असेलही. पण माझा पगार रुपयात होता आणि रुपयाच्या हिशेबानं लिरा वर्षभरात निम्म्यावर आला होता, हे माझ्या बाजूचं वजन मी काट्यावर ठेवलंच नव्हतं.

गंमत म्हणजे इस्तंबूलचे जुने भावपत्रकही अशाच दिवसांतून आले आहेत. १५८०च्या दशकाच्या मध्यात उस्मानी सरकारनं आक्चे या नाण्यातली चांदी जवळपास निम्मी केली. सोन्याचं नाणं साठ आक्चेंना मिळायचं ते एकशेवीसला गेलं. पगार मात्र आकड्यात तेवढाच. १५८९ मध्ये असा हलका पगार हातात पडल्यावर जॅनिसरी सैनिकांनी बंड केलं आणि जबाबदार अधिकाऱ्यांची मुंडकी मागून घेतली. पुढं १६४० मध्ये नाणं परत दुरुस्त केलं तेव्हा जुने भाव निरर्थक झाले होते, म्हणून शेकडो वस्तूंचे नवे भाव लिहून काढले. ती वही आजही शाबूत आहे आणि अभ्यासकांनी छापली आहे. इतिहासकार तिच्याकडे किमतींची यादी म्हणून बघतात. मला आता ती एका घाबरलेल्या शहरानं केलेली नोंद वाटते. कालचा आकडा आज चालत नाही, तर निदान सगळ्यांसाठी एकच आकडा चालवू, अशी.

आईची जेझवे कोल्हापुरात रोज सकाळी गॅसवर असते, तिच्यात ती एका कपाचा चहा करते. गेल्या वर्षी तिची कल्हई गेली. कल्हईवाला आता क्वचित येतो, पण आला. आईनं भांडं पुढं केलं, त्यानं एवढ्याशा भांड्याचे शंभर सांगितले. ती म्हणाली, 'अरे, मागच्या वेळी परातीचे शंभर घेतलेस की रे.' तो म्हणाला, 'मावशी, कथील कुठं गेलंय बघा की.' पाऊण तास चाललं होतं. माझ्या जेझवेचा तळ वाकडा आहे, ती टेबलावर डुगडुगते. तिच्यात मी पेनं ठेवते.